बुंदीचं दुखणं

मला आवाज असा एकच येतो, खट्. बोट पडलं की खट्, उचललं की गप्प. तेवढ्या एका आवाजावर मी आयुष्यभर दुसऱ्यांचं बोललो. आज माळ्यावर, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला, पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगतोय. मी कीबोर्ड. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या माया भालेराव बाईंचा.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पाठीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं. ती चिठ्ठी दौंडच्या पहिल्याच उन्हाळ्यात गळून पडली, आणि मग मी दौंडचाच झालो. पुण्याहून मला आणलं ते भालेराव गार्डसाहेबांनी. सुखदेव भालेराव मालगाडीवर गार्ड होते. पडदा आणि डबा खोक्यात होते, पण माझं खोकं दुकानातच फाटलं होतं. म्हणून त्यांनी मला आपल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि गाडीभर सगळ्यांना सांगत राहिले, "जरा सरकून घ्या. पोरीचा कॉम्प्युटर आहे."

पोरगी म्हणजे राजश्री. तिनं मला वर्षभर नुसतं बडवलं. मग ती इंजिनिअरिंगला पुण्याला होस्टेलवर गेली, आणि घर एकदम शांत झालं. गार्डसाहेब ड्यूटीवर गेले की दोन-दोन दिवस येत नसत. यार्डात डबे जोडताना खिडक्या थरथरत, तेवढीच काय ती घरात हालचाल.

मायाबाई जिल्हा परिषदेच्या सकाळच्या शाळेत शिक्षिका होत्या, तिसरीच्या वर्गाला. पहिल्यांदा माझ्यावर बोट ठेवलं तेव्हा तवा तापलाय का बघावं तसं ठेवलं. सुट्टीत आलेली राजश्री शेजारी बसली होती.

"इथं नाव टाकायचं आई, आणि बोलायचं."

"कुणाशी?"

"कुणाशीही."

"ओळख ना पाळख?"

"म्हणून तर बोलता येतं!"

बाई हसल्या. पण राजश्री गेल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या, चहा केला, आणि दार लोटून माझ्यासमोर बसल्या. फोनमधून इंटरनेट जोडताना व्हायची ती किरकिर, शीळ, खरखर झाली, आणि बाई गप्पांच्या त्या खोलीत शिरल्या. तिथं सगळे मराठी बोलत, पण लिहीत इंग्रजी अक्षरांत. माझ्या अंगावर दुसरी अक्षरं नव्हतीच.

एक सांगायचं राहिलं. मला पडदा दिसत नाही. माझ्यावरून जे जातं तेवढंच मला कळतं. समोरून काय आलं ते मला कधीच कळलं नसतं. पण बाईंना शाळेची सवय होती. समोर आलेलं प्रत्येक वाक्य त्या मोठ्यानं वाचत, तिसरीच्या मुलांना ऐकू जाईल असं, थांबे घेऊन. त्यांच्या त्या वाचण्यामुळे मला मित्र मिळाले.

एक होते हौसराव. पाटसच्या साखर कारखान्यात नोकरीला. त्यांना राजकारणाशिवाय अन्न पचत नसे. दुसरे रॉबिन साळवे. शिरूरला मिशनच्या जुन्या बंगल्याजवळ राहत आणि रांजणगावला एका कंपनीत स्टोअर सांभाळत. त्यांच्याकडे शेळ्या होत्या, एका डोळ्याचा बोका होता, आणि एक दुखरी दाढ होती. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. तरी रोज दुपारी, हौसरावांची पाळी सुटली आणि रॉबिन शिरूरच्या सायबर कॅफेत पोचले, की यांची मैफल सुरू होई.

त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती.

"आमच्या चौकात बॅनर लागलाय," बाई वाचत, "हौसराव म्हणतात, उमेदवार एवढे दात दाखवतोय, एवढे दात दाखवतोय, की मला वाटलं डेंटिस्टचीच जाहिरात हाय."

"रॉबिनभाऊ," बाई टाइप करत, "तुमच्या दाढेला उभं करा. हलते आहे, पण जागा सोडत नाही."

"म्हंजी खरी पुढारी!" हौसराव.

मग रॉबिन आपली कथा सांगत. ती दर आठवड्याला थोडी वाढायची. ते डेंटिस्टच्या जिन्यापर्यंत गेले होते. वरून मशीनचा आवाज आला, आणि तिथूनच वळून, केळी विकत घेऊन घरी आले. बायको हेलन म्हणाली, काढली का? तर हे म्हणाले, डॉक्टरांनी मऊ खायला सांगितलंय.

बाई इतक्या हसत की त्यांचा श्वास माझ्यावर पडे. त्या श्वासाला भाजलेल्या तंबाखूचा वास होता.

हे कॉलनीत कुणाला माहीत नव्हतं. पडद्यामागे एक लहानशी डबी असायची, मिश्रीची. शाळेत बाई मुलांना तंबाखूचे तोटे शिकवायच्या, आणि घरी आल्यावर डबी काढायच्या. उजव्या हाताचं बोट दातांवरून फिरत असायचं, डावा हात माझ्यावर. गार्डसाहेब घरी असले की डबी बाहेर येत नसे. काळी पूड माझ्या फटींत पडायची. बाई फुंकर मारायच्या, पण थोडी राहायचीच.

एकदा मिश्रीवरूनच बोलणं निघालं होतं. हौसरावांची आई सत्तरीची. "एक दात हालत न्हाई," ते म्हणाले. "डेंटिस्ट उपाशी मरंल आमच्या घरी. रॉबिन, तू बी लाव."

बाईंनी टाइप केलं, "माझी आई पण लावायची. शेवटपर्यंत सगळे दात शाबूत होते."

ते त्यांनी पाठवलं. पण त्यापुढे आणखी एक वाक्य होतं. ते माझ्यावरून गेलं, आणि लगेच एकेक अक्षर करून परत पुसलं गेलं. ते कुणालाच दिसलं नाही. मला ठाऊक आहे.

"दात राहिले. गाल गेला."

पुसायचं बटण माझ्या उजव्या खांद्यावर आहे. बाकीच्या बटणांची अक्षरं बोटांनी झिजली. हे बटण भीतीनं झिजलं.

पावसाळा सरत आला होता. एक दुपार मला विसरता येत नाही. हौसराव कसल्याशा पोटनिवडणुकीवर तापले होते आणि बाई वाचत होत्या. उजवं बोट नेहमीसारखं तोंडात होतं. वाक्याच्या मध्येच आवाज थांबला. बोट आत तसंच राहिलं, उजव्या गालात, मागं, दाढेच्या बाजूला. मग ते सावकाश पुढं-मागं झालं. मुलांच्या पाटीवरचा खडबडीतपणा बघावा तसं.

बाई उठल्या. गार्डसाहेबांची जुनी बॅटरी खुंटीवर असायची. ती घेऊन त्या लोखंडी कपाटाच्या आरशापुढे गेल्या. किती वेळ उभ्या होत्या मला कळलं नाही. परत आल्या तेव्हा बोटं बर्फासारखी होती. मला आजवर उन्हातून आलेली, पीठ लागलेली, खडूची बोटं माहीत होती. अशी बोटं माहीत नव्हती.

समोरचे दोघं वाट बघत असणार. बाईंनी लिहिलं, "माझ्या तोंडात." पुसलं. "मला एक." पुसलं. मग लिहिलं, "लाइट गेली होती," आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गप्पांच्या खोलीत गेल्याच नाहीत. एक कोरं पान उघडलं आणि लिहीत बसल्या. आईचं. भागूबाई, मांडवगण फराट्याची. आधी असाच पांढरा ठिपका. दुखत नव्हता म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुखायला लागलं तेव्हा आईनं बधिर व्हावं म्हणून मिश्री वाढवली. मग ठिपक्याचं भोक झालं. शेवटी शेवटी आई पदर तोंडावरून काढत नसे, लेकीपुढेसुद्धा. बाई चमच्यानं पेज भरवायच्या आणि ती बाजूनं बाहेर यायची, आणि आई खुणेनं म्हणायची, राहू दे. एवढं सगळं लिहिलं. मग सगळं एकदम निवडून पुसून टाकलं.

मी जड झालो होतो. माझ्याजवळ काही साठत नाही असं लोक म्हणतात. तसं नसतं.

बाईंना काय करायला हवं ते ठाऊक होतं. दौंडमध्ये दातांचे डॉक्टर होते, रेल्वेचा दवाखाना तर चालत जाण्यावर होता. पण दाखवलं की नाव मिळणार, आणि नाव मिळालं की भागूबाईचा पदर आपल्याही तोंडावर येणार, असं काहीसं त्यांच्या मनात बसलं होतं. आणि मिश्रीची लाज होती ती वेगळीच. नवऱ्याला काय सांगायचं? शाळेत काय सांगायचं?

पण भीतीला कुठूनतरी वाट हवी असते. ती बुंदीच्या वाटेनं बाहेर आली.

बुंदी ही कॉलनीतली कुत्री. कुणाची नव्हती, पण भालेरावांच्या पायरीवर झोपायची. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तिनं एकदा बुंदीच्या पातेल्यात तोंड घातलं होतं, तेव्हापासून तिला हे नाव पडलं. बाई तिला रोज भाकरी टाकत.

रॉबिन आपल्या शेळीविषयी काही सांगत होते. मध्येच बाईंनी टाइप केलं, "भाऊ, आमच्या बुंदीच्या तोंडात आतून पांढरा चट्टा आलाय. उजव्या गालाला. काय असेल?"

पाठवलं. हात माझ्यावरच ठेवून बसल्या.

उत्तर आलं. बाईंनी ते घाईघाईनं वाचलं. "दुखतंय का? खाते का?"

"खाते. दुखत नाही."

"मग काळजी सोडा ताई. आमच्या शेळ्यांना कायम होतं. काटा-बिटा लागला असेल. हळद आणि तूप लावा. जनावराचं तोंड आपोआप बरं होतं."

बाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा आवाज हलका झाला होता, ओझं उतरवून ठेवल्यासारखा. त्या संध्याकाळी माझ्यावर हळदीचं एक पिवळं बोट उमटलं. ते बुंदीला लावायच्या हळदीचं नव्हतं.

मी ओरडू शकलो असतो तर! पण माझ्यावर बोट पडल्याशिवाय मला एक अक्षरही काढता येत नाही.

हळद आणि तूप. कितीतरी दिवस हेच चाललं. रॉबिनभाऊ आपणहून विचारत, "बुंदी कशी आहे?" बाई लिहीत, "बरी आहे." हौसराव म्हणत, "बुंदीला डेंटिस्टकडं न्या. रॉबिनलाबी संगं न्या. दोघं मिळून परत या केळी खात." सगळे हसत. बाईसुद्धा हसल्यासारखं टाइप करत. पण त्यांचा श्वास आता माझ्यावर पडत नव्हता.

मग आणखी एक गोष्ट व्हायला लागली, आणि तिनं मी खरा घाबरलो. बाईंचं वाचणं कमी होत गेलं. आधी लांब वाक्यं गेली. मग त्या अर्धंच वाचत, पुटपुटत. मग नुसते ओठ हलत. मला समोरचं काही कळेना. बाईंची उत्तरं तेवढी कळत, "हो," "नाही," "बघू." एका खोलीत मित्र बोलतायत आणि आपल्याला दाराबाहेर उभं केलंय, असं मला झालं.

स्वयंपाकघरातून गार्डसाहेबांचा आवाज यायचा. "भाजीला तिखट नाही का आज?"

"पित्त वाढलंय."

"रोजच वाढतंय. दवाखान्यात दाखवू का?"

"काही नको. तुमची गाडी बघा तुम्ही."

आणि डबी? डबी बंद झाली नव्हती. उलट वाढली होती. झोंबलं की बाई मिश्री लावायच्या, म्हणजे थोडा वेळ बधिर व्हायचं. तेच, जे मांडवगणला झालं होतं. बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनीच तर ते माझ्यावर लिहिलं होतं. पण बोट आपलं डबीकडे जायचंच.

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. दुपारची वेळ, बाहेर पायरीवर बुंदी उन्हात पसरलेली. बाई बसल्या. बोलणं कशावरून निघालं मला माहीत नाही, मला फक्त बाईंची बाजू कळत होती. त्यांनी लिहिलं, "नाही हो भाऊ, अजून पूर्ण बरी नाही."

थांबल्या. समोरून काही आलं असणार.

मग बोटं भराभर चालली, नेहमीसारखी जपून नाही. खूप दिवस कोंडलेलं पाणी असतं तशी. "तिखट लागलं की जीव जातो. भाकरीचा पापुद्रा टोचतो. चहासुद्धा डाव्या बाजूनं प्यावा लागतो, तोही गार करून. काही लावल्याशिवाय बरं वाटत नाही."

खट्. गेलं.

काय गेलं ते बाईंच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं. पण पुसायचं बटण पाठवलेल्या गोष्टीवर चालत नाही.

मग, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच, बाईंनी मोठ्यानं वाचलं. हौसरावांचं होतं.

"दौंडची कुत्री चहा पिती व्हय! आमच्या पाटसची अजून डबक्यावरच हायती!"

बाई हसल्या नाहीत. मग रॉबिनचं वाक्य आलं. ते त्यांनी वाचायला सुरुवात केली, सवयीनं, थांबे घेत, आणि शेवटच्या शब्दापर्यंत त्यांचा आवाज संपून गेला.

"ताई, बुंदी मिश्री लावते का?"

यार्डात कुठंतरी इंजिन शिट्टी देत होतं. बाईंच्या दोन्ही हातांचा भार माझ्यावर आला. त्यांच्याखाली माझी बटणं आपोआप दाबली गेली, काहीतरी निरर्थक अक्षरांची रांग उठली, आणि तीच पाठवली गेली. बाईंनी तार ओढली. पडदा विझला. त्यांनी माझ्यावर भरतकामाचा रुमाल टाकला, मढ्यावर टाकतात तसा.

पुढचे दिवस मी अंधारात होतो. कुणी बसलं नाही. फोन वाजला की बाई दचकत. रॉबिनना त्यांचा नंबर माहीत नव्हता, तरी दचकत. मी रुमालाखाली पडून ऐकायचो. घरात बोलणं फारच कमी झालं होतं. भांडी वाजत, नळ वाजे, गार्डसाहेब खाकरत. बाईंचा आवाज मी कानात प्राण आणून शोधायचो. मला वाटायचं, आता हा आवाजही एक दिवस पदराआड जाईल आणि मला कळणारही नाही.

दिवाळीला राजश्री आली. आल्या आल्या तिनं रुमाल ओढला.

"आई, किती धूळ! बसत नाहीस का? तुझे मित्र वाट बघत असतील."

"वेळ नसतो," बाई दारातून म्हणाल्या.

राजश्रीनं तार जोडली. तीच किरकिर, तीच शीळ. तिनं आईच्याच नावानं आत जायचं ठरवलं. आईचा पासवर्ड तिनंच ठेवला होता.

"अगं, किती मेसेज पडलेत! सगळे रॉबिन साळवेंचे." ती वाचायला लागली. तीही आईसारखीच मोठ्यानं वाचते. "ताई, रागावलात का... ताई, मी चुकीचं बोललो असेन तर माफ करा... ताई, शेळ्यांची गोष्ट वेगळी असते, मी हळद सांगितली ती विसरून जा. बुंदीला आजच्या आज दाखवा." तिनं मान वळवली. "बुंदीला काय झालंय?"

बाई दारातच उभ्या होत्या.

राजश्री पुढं वाचत गेली. "ताई, मी शनिवारी दाढ काढायला चाललोय. मी किती भित्रा आहे ते तुम्हाला माहीत आहे. बाजारात केळी दिसली तरी मी ह्या वेळी वळणार नाही. मी गेलो, तर बुंदीनंपण जायचं. एवढं माझं ऐका."

बाहेर पायरीवर कडकड आवाज येत होता. बुंदी कुणाच्या तरी सणाचं हाड फोडत होती, उजव्या दाढेखाली, जोर लावून.

"आई," राजश्री हसत म्हणाली, "बुंदी तर हाडं चावतेय. तिला काय झालंय?"

मी थांबलो. एरवी अशा वेळी बाई माझ्याजवळ यायच्या. लिहायच्या, पुसायच्या. त्या आल्या. खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. एक हात माझ्यापर्यंत आला. थंड होता. मला वाटलं, आता पुसायचं बटण. बोट त्यावर टेकलंही. पण पुसायला तिथं काही लिहिलेलंच नव्हतं.

बोट उचललं गेलं.

"बुंदीला काही झालं नाही," बाई म्हणाल्या. शब्द जड येत होते. "मला झालंय. आजीला झालं होतं, ते."

राजश्रीच्या हातून मला धक्का बसला आणि मी टेबलाच्या कडेला लोंबकळलो. माझ्या फटींतून काळी पूड तिच्या सुट्टीतल्या नव्या पांढऱ्या ओढणीवर सांडली. तिनं ती बोटावर घेतली. वास घेतला. आईला जवळ घेऊन कितीतरी वेळ नुसती रडत राहिली. आणि बाई तिला थोपटत होत्या, जणू दुखणं तिचंच होतं.

गार्डसाहेब ड्यूटीवरून आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते बूट न काढताच खाली बसले. मग म्हणाले, "उद्याचं काही नाही. आत्ता चला." आणि बॅटरी खुंटीवर टांगायला गेले, पण त्यांना खुंटी सापडेना.

पुढचं मला धड माहीत नाही. मी घरी होतो. दौंडच्या डॉक्टरांनी बघितलं, आत काही खोदलं नाही, लगेच पुण्याला पाठवलं. तिथं तुकडा काढून तपासला. तोच आजार निघाला. ऑपरेशन झालं. उजव्या गालाचा भाग आणि तीन दाढा गेल्या. हे सगळं मला नंतर कळलं, बाईंनी रॉबिनना लिहिलं तेव्हा. त्या लिहिण्यात त्यांनी एकदाही पुसायचं बटण दाबलं नाही.

त्या परत आल्या तेव्हा बोलता येत नव्हतं. तोंडावर पट्टी, नाकातून नळी. तेव्हा मी त्यांचं तोंड झालो. गार्डसाहेबांनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, पण ते चष्मा लावून शेजारी खुर्ची घेऊन बसायचे आणि बायको लिहील ते एकेक अक्षर लावून वाचायचे. "पा... णी. पाणी? थांब, आणतो." एकदा त्यांनी वाचलं, "ब... रं... झा... लं... तु... म्हा... ला... क... ळ... लं." चष्मा काढला आणि पुसत राहिले. काचा स्वच्छच होत्या.

रॉबिननी दाढ काढली. त्यांनी लिहिलं, "ताई, मशीनचा आवाज ऐकून मी जिन्यात बसलो. हेलननं बखोटीला धरून वर नेलं. दाढ निघाली तेव्हा मला कळलंपण नाही. एवढी वर्षं मी केळी खाल्ली ती कशासाठी?" आणि हौसरावांनी लिहिलं, "ताई, मी त्या दिवशी हसलो. आमच्या आईची डबी मी चुलीत घातली. चार दिवस बोलली न्हाई माझ्याशी. न बोलू दे."

हळूहळू बाईंचा आवाज परत आला. पूर्वीचा नाही. काही अक्षरं गालातून निसटतात. शाळेत परत गेल्या तेव्हा त्यांनी मुलांना आधीच सांगून टाकलं, तोंडाला काय झालं होतं आणि कशानं झालं होतं. मिश्रीसकट. घरी येऊन गार्डसाहेबांना म्हणाल्या, "मला वाटलं हसतील. एक पोरगी उठून म्हणाली, बाई, माझ्या आजीला सांगू का?"

मग ती गप्पांची खोली बंद झाली. लोक दुसरीकडे गेले. राजश्रीला नोकरी लागली, तिनं आईला छोटा नवा कॉम्प्युटर घेऊन दिला. मला फेकायचं ठरलं होतं. बाई म्हणाल्या, राहू दे. गार्डसाहेबांचा तोच जुना टॉवेल काढला, मला गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. जाताना फुंकर मारली. तिला आता कसलाच वास नव्हता.

माझी अक्षरं गेली आहेत. पुसायचं बटण दाबलं तर वर येत नाही. फटींत काळी पूड अजून आहे, ती आता निघायची नाही. मला कुणी पुन्हा खाली काढावं अशी माझी इच्छाही नाही.

एवढंच मागतो. लोक स्वतःचं दुखणं स्वतःच्या नावानं सांगत नाहीत. ते कुत्रीचं सांगतात, शेजारणीचं सांगतात, कुणा लांबच्या मावशीचं सांगतात. तुमच्यापर्यंत असं काही आलं तर हळद सांगून मोकळे होऊ नका. एक प्रश्न जास्त विचारा. समोरचं माणूस घाबरून पळून जाईल. जाऊ दे. पुन्हा विचारा.

भीती गेली असं मात्र समजू नका. बाईंना ठराविक दिवसांनी पुण्याला तपासणीला जावं लागतं. आदल्या दिवशी घर पुन्हा गप्प होतं. मी माळ्यावर टॉवेलात आणि त्या खाली, दोघंही एकच गोष्ट ऐकत असतो, आपल्याच आतली.

अशा दिवशी दुपारी फोन वाजतो. शिरूरहून असतो, रॉबिनभाऊंचा; नंबर बाईंनीच त्यांना दिलाय. खरी बुंदी मागच्या हिवाळ्यात गेली, कॉलनीतल्या लिंबाखाली तिला पुरलं, हे रॉबिनना माहीत आहे. तरी ते दर वेळी तेच विचारतात. ते काय विचारतात हे मला ऐकू येत नाही, पण बाई अजूनही समोरच्याचं वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवतात, निसटत्या अक्षरांनी.

"बुंदी कशी आहे म्हणता?"

आज दुपारीही फोन आला होता. यार्डात डबे जोडले गेले, माळा हादरला.

"घाबरलीय, भाऊ," बाई म्हणाल्या. "पण उद्या जाणार आहे."